बर्फावरचं इंग्रजी

अलीमियाँनी एकदा 'न्हाय' म्हटलं की मुरुडची भरतीसुद्धा वाडीच्या कुंपणाशी येऊन घोटाळायची नि गुपचूप मागे फिरायची, असं सांगणारे लोक अजून आहेत. अलीमियाँचा थोरला लेक गलबतासकट कोर्लईच्या खडकांवर आपटून बुडाला. तेव्हापासून त्यांनी होडीत पाय ठेवला नव्हता. पोफळींना पाणी दाखवतानाही ते समुद्राकडे पाठ करून उभे राहत. आणि नेमका अशा माणसाच्या लेकीवर, जुलेखावर, यूनुसचा जीव जडला. यूनुस हा गलबत हाकणाऱ्या मोहम्मद तांडेलांचा मुलगा. म्हणजे जन्मल्यापासून अर्धा ओलाच.

मागणी घालायला तांडेल स्वतः गेले. अलीमियाँनी चहा पाजला, पानाचं तबक पुढे केलं आणि म्हणाले, "पोरगा सोन्यासारखा हाय. पण दर्यावरचा जावई मला नको. जमिनीवरची नोकरी आणा, पोरगी न्या."

आता सन अठ्ठावीसच्या त्या साली मुरुडात जमिनीवरची म्हणावी अशी नोकरी एकच निघाली होती. स्टीमर कंपनीच्या एजंटाला धक्क्यावर तिकिटं फाडायला कारकून हवा होता. पावसाळा सरला की पहिल्याच स्टीमरनं मुंबईचा साहेब येणार, उमेदवारांना समोर बसवणार आणि इंग्रजीत पारखणार.

यूनुसचं इंग्रजी पहिल्या धड्यातलं मांजर चटईवर बसेपर्यंत जाई. त्यापुढे ते मांजर कधी उठलं नव्हतं. तो दिनानाथ मास्तरांकडे गेला. शिकारीला आलेला कुणी साहेब डाकबंगल्यात एक जाडजूड पुस्तक विसरून गेला होता, ते मास्तरांकडे होतं. मास्तरांनी ते एकदा उघडलं होतं आणि लगेच मिटलं होतं.

"हे घे," मास्तर म्हणाले. "पानोपानी असे शब्द आहेत की मलासुद्धा घाम फुटतो. त्या अर्थी उंच इंग्रजी ते हेच."

पुस्तक होतं बर्फाच्या मुलखात कुत्री घेऊन पायी निघालेल्या एका गोऱ्याचं. पावसाळ्यात होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या असतात. त्यातल्या एका होडीत यूनुस बसला आणि बाहेर धो धो पाऊस कोसळत असताना आत बर्फ शिकू लागला. अडलं की भिजत मास्तरांकडे जाई.

"मास्तर, ग्लेशियर म्हंजे?"

"बर्फाची नदी."

"वाहते?"

"वाहते."

"मग बर्फ कसला?"

"वाहते, पण दिसत नाही वाहताना."

"मग नदी कसली?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "यूनुस, तू शब्द पाठ कर. नदीचं ती बघून घेईल."

घरी तांडेलांचे प्रश्न वेगळेच. "बर्फ म्हंजे मुंबईत सरबतात घालतात, तोच?"

"तोच, अब्बा."

"त्याच्यावरून हा मानूस चालत गेला?"

"महिनोन् महिने."

"पोचला तिथं होतं काय?"

"काय न्हाय. बर्फच."

"मग गेला कशाला?"

"ते पुस्तकात न्हाय," यूनुस म्हणाला. हे त्यालाही इतकं कोडं होतं की रात्रीचं जेवण त्याला गोड लागेना.

पाठांतराची त्याची रीत मात्र तांडेलांच्या घरची होती. तांडेल मुंबईची वाट कागदावर ठेवत नाहीत, तोंडात ठेवतात. मुरुडहून निघालं की नांदगाव, मग काशीद, मग कोर्लई, अशी एकामागून एक खूण ओवलेली. मधलंच विचारलं तर सांगता येत नाही, पहिल्यापासून म्हणत यावं लागतं. यूनुसनं पुस्तकही तसंच ओवलं. 'भूक' हा शब्द हवा असला की त्याला जहाजावरून उतरावं लागे, तंबू ठोकावे लागत, दोन वादळं काढावी लागत, तेव्हा कुठे माणसांना भूक लागे.

जुलेखा कुंपणापलीकडून विचारी, "आज कंचा शब्द आणलास?"

"डेसोलेट."

"म्हंजे?"

"जिथं कायबी नस्तं."

"कायबी नस्तं त्याला शब्द कशाला लागतो?"

तिनं झावळी खांद्यावर घेतली. "शब्द जमव, पण नोकरी विसरू नको. अब्बांनी म्हसळ्याच्या एका दुकानदाराला निरोप धाडलाय. त्याचे पाय म्हणे कधी भिजलेच न्हाईत."

पाऊस ओसरला. स्टीमर आली, दूर पाण्यात नांगरली आणि साहेब उतारूंची ने-आण करणाऱ्या छोट्या होडीतून, पडावातून, धक्क्यावर उतरला. धक्क्यावर अवघं मुरुड लोटलं होतं. सुपारीची पोती, कोंबड्यांची खुराडी, दोन बोकड, आणि सगळ्यांच्या मधोमध साहेबाची खुर्ची. यूनुसच्या आधी अलिबागचा बाबाजी जाऊन आला. त्याच्याजवळ 'यस', 'नो' आणि 'थर्ड क्लास' एवढंच इंग्रजी होतं, म्हणून यूनुसला त्याची दयाच आली.

यूनुसनं नाव सांगितलं. साहेबानं विचारलं, पडावात मावतील त्याहून जास्त माणसांची गर्दी झाली तर काय करशील?

साहेबाच्या हातवाऱ्यांवरून प्रश्न त्याला पुरता कळला. आता 'गर्दी' शोधायची. त्यानं डोळे मिटले आणि जहाजावरून उतरला. "वी लेफ्ट द शिप ॲट डॉन..." तो पुटपुटत निघाला. तंबू ठोकले, पहिलं वादळ गेलं, दुसरं गेलं, कुत्री दमली. साहेब घड्याळ बघायला लागला. यूनुस बर्फाच्या नदीवर चढला, पलीकडे उतरला, त्याला दरदरून घाम फुटला. गर्दी कुठे लागेचना. लागणार कशी? त्या अख्ख्या पुस्तकात एक गोरा, त्याचे सोबती आणि कुत्री. अखेर जिथे पोचला होता तिथलंच वाक्य त्यानं ठणकावून सांगितलं.

"नो ह्यूमन सोल फॉर माइल्स, सर! ओन्ली डेसोलेशन!" मैलोन् मैल माणूस म्हणून नाही, सगळं ओसाड.

साहेबानं मान वर करून धक्क्यावरच्या त्या जत्रेकडे पाहिलं. एक बोकड त्याच्या टोपीचा वास घेत होता.

त्यानं पुन्हा विचारलं, बरं, उतारू आजारी पडला तर?

यूनुसचा चेहरा उजळला. आजार पुस्तकात रग्गड होता. पण पुन्हा जहाजापासून निघणं आलं. या खेपेला तो धावतच सुटला, दोन्ही वादळं एका दमात पार केली आणि थंडीनं पाय काळे पडलेल्या माणसाशी येऊन थांबला.

"वी कट ऑफ हिज टोज, सर!"

बोटं कापतो म्हटल्यावर साहेबानं आपले दोन्ही पाय खुर्चीखाली घेतले. मग तो मोठ्यानं हसला आणि भराभर बराच वेळ काहीतरी बोलला. त्यातला एकही शब्द यूनुसच्या वाटेवरचा नव्हता. पुस्तकातली माणसं कोणत्याही संकटाला जे म्हणत, तेच त्यानं म्हटलं, "यस सर."

"झालं तुझं काम!" एजंट पाठीवर थाप मारत म्हणाला.

"तिकिटं कधीपासून फाडू?"

"तिकिटं बाबाजी फाडेल. साहेब म्हणाले, वादळाबिगर ज्याच्या तोंडी दुसरं कायबी न्हाय, तो गडी तिकिटाच्या खिडकीत बसून गुदमरून मरेल. तुला स्टीमरवर घेतलंय. मालाचा कारकून. तू 'यस सर' म्हणालास की!"

यूनुस सुपारीच्या पोत्यावर मटकन बसला. जमिनीसाठी एवढा बर्फ तुडवला आणि निघालं पाणीच.

तसाच उठून तो अलीमियाँच्या ओटीवर गेला आणि झालं ते खरं खरं सांगितलं. अलीमियाँ सुपारी कातरत होते.

"म्हंजे दर्याच."

"दर्या हाय, चाचा, पण होडी न्हाय. वर खुर्च्या हायत. चूल हाय. जिना हाय."

"जिना?" अलीमियाँ गोंधळले. "होडीला जिना कशाला?"

"ते मलाबी न्हाय समजलं."

दाराआडून जुलेखा म्हणाली, "अब्बा, न बघता न्हाय म्हणायचं तर म्हणा. पण म्हसळेवाल्याला मी बघूनसुद्धा न्हायच म्हणणार हाय."

अडकित्ता थांबला. अलीमियाँ उठले, पायांत चपला सरकवल्या आणि इतक्या वर्षांनी समुद्राकडे तोंड करून निघाले. स्टीमरकडे नेणाऱ्या पडावात ते डोळे घट्ट मिटून, ओठांत अल्लाचं नाव घेत बसले होते. पडाव वल्हवणाऱ्या तांडेलांनी आणि यूनुसनं त्यांना उचलूनच स्टीमरच्या शिडीवर चढवलं.

वर गेल्यावर त्यांनी डोळे उघडले. पाय आपटून पाहिला. लोखंड. खुर्चीत बसून पाहिलं. जिना चढले, उतरले, परत चढले. चहा मागवला आणि पेल्यात एकटक बघत राहिले. चहा हलेना. वाडीत कुदळ मारण्यापूर्वी माती चाचपावी तसे ते एकेक कठडा चाचपत होते. तेवढ्यात स्टीमरचा भोंगा वाजला. मुरुडातले सगळे कावळे एकदम उडाले.

"चाचा, चला, उतरा! सुटतंय!" यूनुस ओरडला.

"काय सुटतंय?" अलीमियाँनी विचारलं. शिडी तोवर वर घेतली होती.

ते कठड्याला धरून किनाऱ्याकडे बघत होते. माडांची रांग हळूच डावीकडे सरकली. मग धक्का, मग बाबाजीची खिडकी.

"यूनुस," ते म्हणाले, "मुरुड कुठं चाललं?"

"चाचा, मुरुड न्हाय, आपण..."

"मी पाऊल उचललं?"

"न्हाय."

"तू?"

"न्हाय, पण..."

"मग चालतंय कोण?"

यूनुसनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. म्हातारा चेष्टा करतोय, भ्यालाय, की खरंच सांगतोय, काही केल्या उमजेना. कठड्यावरची त्यांची बोटं पांढरी पडली होती आणि डोळे भरले होते, पण मान मात्र ताठ होती. खाली पडावात उभे असलेले मोहम्मद तांडेल दोन्ही हात हलवत, ओरडत, मागे मागे चालले होते.

"तुझ्या बापाला ओरडून सांग," अलीमियाँ म्हणाले. "पोरगा जमिनीवर उभा हाय, मी डोळ्यानं बघतोय. मुरुड परत आलं की निकाह लावू."