गार लागतंय का?

धोंडीराम हॉटेलवाला भर दुपारी कुंभारवेशीत आला, तेव्हाच निंगव्वाला कळलं की आज काही खरं नाही. गिरणीचा सुट्टीचा भोंगा व्हायच्या वेळेला हा माणूस चुलीपुढून हलत नसे. आज तो डोक्यावर पाटी घेऊन स्वतः चालत आला होता आणि पाटीत गेल्या बाजारी नेलेले पेले होते.

"ह्ये बगा रुद्रप्पा," पाटी अंगणात ठेवत तो म्हणाला. "तुमचं प्याले तुमाला परत."

रुद्रप्पा चाकावर होता. निंगव्वाचा नवरा, बोलायला कंजूष, कामाला चिवट. त्याने चाक थांबू दिलं, हात पुसले आणि पाटीतला एक पेला उचलला. आतल्या अंगाला नखाएवढा टवका उडाला होता आणि तिथे मधोमध पांढरा ठिपका होता. दुसरा उचलला, त्यालाही तसाच. तिसरा त्याने उचललाच नाही.

"दोन-चार दीस ठेवलं की आतनं टवकं उडत्यात," धोंडीराम म्हणाला. "काल गिरणीतल्या एका जॉबरच्या, मुकादमाच्या दाताखाली टवका आला. त्यानं सगळ्यांम्होरं माजी आयमाय काढली. मी काय करू सांगा. मला काचंचं गिलास नगं, चिनीमातीच्या कपबशा नगं. पर खडं घालून च्या कुणाला पाजू?"

त्याला कपबशा नको होत्या हे खरंच होतं. सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठला, त्याच्या पुढच्या साली त्याने गिरणीच्या दाराशी हॉटेल काढलं. गिरणीत मागावर शेजारी शेजारी उभी राहणारी माणसं चहाला बसली की हा कप आधी कुणाच्या तोंडाला लागला होता याची चौकशी करायची. मातीच्या पेल्याने ती कटकट मिटली. चहा प्यायचा आणि पेला भिंतीला फोडायचा. पण रुद्रप्पाचे पेले लोकांच्याने फोडवेनात. पेला चाकावरून उतरवायच्या आधी तो ओल्या अंगाला अंगठा टेकवून एक उथळ खळगा ठेवायचा. रात्रपाळी करून आलेल्या माणसाचा अंगठा तिथे आपोआप बसायचा. पातळ काठ, हाताला ऊब, चहाला मातीचा वास. बरेच जण पेला धुऊन खिशात घालून घरी न्यायचे. धोंडीराम स्वतःसुद्धा त्यातूनच प्यायचा आणि नवीन माणूस आला की बोट ठेवून तो खळगा दाखवायचा.

"ह्या खेपेला गाळ वाईट निघाला," रुद्रप्पा म्हणाला.

"मग येत्या बाजारापत्तुर दुसरं द्या. बिनखड्याचं. न्हायतर मुंबईच्या कपबशा मागवाव्या लागतील, मग माज्या नावानं बोंब मारू नगा." एवढं बोलून तो रिकाम्या हाताने निघाला आणि दाराशी घुटमळला. "वयनी, तुमी तुडवलेल्या मातीत खडा? आजपत्तुर कंदी न्हाय झालं."

निंगव्वाने पदर पुढे ओढला.

गाळ वाईट नव्हता. तळ्यातला तोच गाळ, त्याच गाढवांवरून आणलेला. सोलापूरच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असायचेच. तो खडा भाजताना गप्प बसतो आणि नंतर ओल लागली की फुगून टवका उडवतो, हे कुंभाराच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. चाळणीतून निसटलेला खडा पायाने शोधायचा असतो. चिखल तुडवताना तळव्याला टोचला की वाकायचं आणि उचलून बाहेर टाकायचा. हे काम बाईचं. चाक पुरुषाचं. रुद्रप्पाने लग्नापासून कधी चिखलात पाय घातला नव्हता आणि निंगव्वाने कधी चाकाला बोट लावलं नव्हतं. त्यांच्यात बाईने चाक शिवायचं नाही. चाक म्हणजे महादेव.

तेव्हा खडा राहिला तो निंगव्वाच्या पायामुळे राहिला. रुद्रप्पाला ते कळत होतं, आणि त्याला कळतंय हे तिलाही कळत होतं. गाळावर ढकलून त्याने तिची लाज राखली. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

कारण तिला ठाऊक होतं ते त्याला ठाऊक नव्हतं. तिच्या डाव्या तळव्याला काही कळत नव्हतं. दिवाळीच्या सुमारास मडकी भाजायच्या आव्यातली राख ओढताना निखारा पायाखाली आला, तेव्हा आधी तिला जळल्याचा वास आला आणि मग फोड दिसला. दुखलंच नाही. तेव्हापासून ती गुपचूप पाय चाचपत असे. काट्याने टोचून बघे, चिमटा काढून बघे. पाय दुसऱ्या कुणाचा असावा तसा निवांत असे.

मैंदर्गीला, तिच्या माहेरी, चुलतीला महारोग झाला होता. तिचंही पायापासूनच सुरू झालं. आधी घरच्यांनी तिचं ताट वेगळं केलं, मग गावाबाहेर खोपट बांधून दिलं. चुलती मरायला घाबरत नव्हती. खोपटात बसून बसून ती कंटाळून गेली होती. "निंगे, हातांना काम न्हाय गं," एवढंच ती म्हणायची.

निंगव्वालाही मरायचं भय नव्हतं. या उमरीला कोण मरणाला भितंय, दमून तर रोजच मरण येतं. तिला भय होतं ते चिखलातून उठवतील याचं.

हे कुणाला सांगून पटलं नसतं. चिखल तुडवणं म्हणजे कंबरडं मोडायचं काम. पण पहाटे चिखलात पहिलं पाऊल टाकलं की थंडी तळव्यातून पोटरीत चढायची, बोटांच्या फटीतून माती वर यायची आणि डोक्यातली सगळी किरकिर खाली उतरायची. सासूचा जाच होता तेव्हाही, पोरगं गेलं तेव्हाही. पोरगं गेलं त्याच्या चौथ्या दिवशी ती चिखलात उतरली होती. बायका नावं ठेवत होत्या. ठेवोत. तिला तिथेच रडता येत होतं.

दुसऱ्या दिवशी ती उजाडायच्या सुमारास उतरली. उजव्या पायाला माती गार लागली. डाव्याला लागली नाही. तिने मनाशी ठरवलं होतं: आज फक्त उजव्या पायाने तुडवायचं. एका हाताने भिंत धरायची, डावा पाय नुसता टेकवायचा, उजव्याने दाबायचं आणि खडा शोधायचा. उरलंसुरलं हातांनी चाचपायचं.

थोड्याच वेळात ती घामाघूम झाली. ज्या चिखलाला एरवी ऊन अंगणात येईपर्यंतचा वेळ लागायचा, त्याचा अर्धाही झाला नव्हता आणि ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. पाठ भरून आली. उजवी मांडी थरथरायला लागली. तिने खडे वेचून काठावर ठेवले होते. ढीग बघून तिला जरा धीर आला. रुद्रप्पा चाकाजवळ नुसताच बसून होता. त्याला माती हवी होती आणि मागायची हिंमत नव्हती.

"आज येवडा येळ?" शेवटी तो म्हणाला.

"खडं लई हायत," ती म्हणाली. ते खोटं नव्हतं.

शेवटी उजवा पाय उचलेना झाला, तेव्हा तिने डाव्याने दाबलं. थोडंच, मनाला बजावत. मग पुन्हा थोडं. मग भान राहिलं नाही आणि ती नेहमीसारखी दोन्ही पायांनी गोल फिरत तुडवत गेली, डोळे मिटून. तेवढा वेळ तिला बरं वाटलं.

चिखलातून बाहेर येऊन ती पाणी प्यायला घराकडे निघाली, तर रुद्रप्पा उठून उभा राहिला.

"थांब."

ती थांबली. तो तिच्या मागे अंगणाकडे बघत होता. शेणाने सारवलेल्या जमिनीवर तिच्या पावलांच्या खुणा उमटल्या होत्या. एका पायाची काळी माती. दुसऱ्या पायाच्या मातीत लाल.

"बस खाली," तो म्हणाला.

ती ओट्यावर बसली. त्याने तिचा डावा पाय मांडीवर घेतला, तांब्यातलं पाणी ओतून धुतला. तळव्यात खापराचा तुकडा रुतला होता, जुन्या मडक्याचा, बोटाच्या पेराएवढा. त्याने तो दोन बोटांत धरला आणि ओढून काढला. रक्ताची धार लागली.

निंगव्वा त्याच्या डोक्याकडे बघत होती. केस किती पांढरे झाले, असा काहीतरी विचार तिच्या मनात चालला होता. ओरडायचं तिला सुचलंच नाही.

रुद्रप्पाने हळूच मान वर केली. हातात तुकडा तसाच.

"दुकलं न्हाय?"

आता ओरडून काय उपयोग होता? तरी तिने तोंड वेडंवाकडं केलं. "दुकलं की. थोडं."

त्याने तुकडा कुंपणाबाहेर भिरकावला. जुन्या धोतराची चिंधी फाडून पाय बांधला, घट्ट. मग तो उठून बाहेर गेला तो दिवेलागणीला आला. जेवताना तिने आपलं ताट जरा लांब वाढून घेतलं. त्याने ते पाहिलं आणि भाकरीकडे मान घातली. आता सांगेल, मैंदर्गीला जा म्हणून, याची ती वाट बघत राहिली. त्याने सांगितलं नाही. तशीच ती झोपली. दमलेल्या माणसाला झोप सोडत नाही, एवढं एक बरं असतं.

सकाळी तिला जाग आली ती शिव्यांनी. बाहेर येऊन बघते तर रुद्रप्पा धोतर गुडघ्यावर खोचून चिखलात उभा. उरलेला गाळ त्याने ओढून घेतला होता. एक पाऊल टाकायचा, "आयाया" करायचा, वाकून खडा काढायचा आणि त्या खड्याच्या आईबापाचा उद्धार करून तो लांब फेकायचा. चाकावर बसून बसून त्याचे तळवे बाईच्या गालासारखे मऊ झाले होते. एक खडा चुकेल तर शपथ.

"अवो, ह्ये काय करताय? लोक बगतील!"

"बगू देत. चाकावर बस."

"मी?"

"मग कोन? माजं पाय हितं चिकलात हायत. प्याले काय धोंडीराम बनवनार?"

"बाईनं चाक शिवायचं नसतं." तिचा आवाज चिरका झाला. "म्हादेव हाय ते."

"म्हादेवाला मी सांगितलंय काल. देवळात जाऊन बसलो हुतो दिसभर." त्याने पुन्हा पाय टाकला आणि कळवळला. "बाजार झाला की सरकारी दवाखान्यात जाऊ. दागतर काय म्हनतोय बगू. तवर हितनं कुटं जायचं न्हाय. आनि ताट लांब घ्यायचं न्हाय. कळलं?"

"आनि प्याले? लोकांच्या तोंडाला लागत्यात." हे विचारायचं तिने रात्रीच ठरवलं होतं.

"आव्यातल्या आगीतनं निगत्यात. त्या आगीत काय ऱ्हातंय?" मग जरा थांबून म्हणाला, "बस गं. माती सुकाय लागली."

ती बसली. चिंधी बांधलेला पाय बाजूला घेतला. त्याने कालच्या मातीतला गोळा आणून चाकावर आपटला, दांडा घालून चाक फिरवून दिलं आणि परत चिखलात गेला. गोळा डुगडुगत फिरायला लागला. इतकी वर्षं ती समोर बसून बघत आली होती. तिला सगळं ठाऊक होतं आणि हातांना काहीच ठाऊक नव्हतं. गोळा एकीकडे पळाला, मग दुसरीकडे. तिच्या तोंडावर चिखल उडाला आणि ती हसली. आपल्याच हसण्याचा तिला अचंबा वाटला.

"कोपर मांडीला टेकव! दाबू नगं, नुसतं धर!" चिखलातून हुकूम येत होते.

तिने कोपर टेकवलं, नुसतं धरलं. गोळा हळूहळू निवांत झाला. ओली माती तळहातांतून सरकत होती आणि थंडी मनगटातून वर चढत होती, तशीच, पायांतून चढायची तशी. तिचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळे नव्हते.

अंगठे आत गेले. काठ वर यायला लागला. वाकडा, एकीकडे जाड, पण पेलाच होता तो.

रुद्रप्पा थांबून बघत होता. घामाने निथळलेला, पोटरीपर्यंत चिखल, थकून एका भिंतीला टेकलेला.

"गार लागतंय का?" त्याने विचारलं.

तिने नीट लक्ष दिलं. तळहाताला लागत होतं. अंगठ्यांना लागत होतं. एकेक बोट तिने मनातल्या मनात चाचपलं. डाव्या हाताच्या करंगळीशी येऊन ती थांबली. पुन्हा चाचपलं.

"लागतंय की," ती म्हणाली. "लई गार लागतंय."

मग तिने करंगळी आत मुडपून घेतली आणि बाकीच्या बोटांनी काठ वर उचलला.