रविवारची परीक्षा

पाठीला गोडेतेलाचा रिकामा डबा बांधलेली लहान मुलगी विहिरीच्या शेवटच्या पायरीवर उभी आहे. पाणी काळं आहे. डबा उन्हानं तापलाय.

पांढऱ्या लोकरीचा झुपका रस्त्यावरून एक मुंगी अलगद ढकलतो आणि गवतात सोडतो. मुंगी पुन्हा रस्त्याकडे वळते. झुपका पुन्हा खाली येतो.

समुद्रावर नारिंगी फुगा तरंगतोय. त्याच्याकडे जावं तसा तो लहान होत जातो.

बसंतीबाई चवड्यांवर उभ्या राहून गाडीच्या टपावरच्या सायकलवर जुनी चादर टाकतायत.

"हँडल दिसून राह्यलं," खालून कचरूलाल म्हणाले.

"मंग तुम्ही चढा."

"शिंगं बांधून नेल्यासारखं वाटतंय," अक्षत स्टिअरिंगवरून म्हणाला. "मम्मी, थोडा चारा पण टाक त्याच्यापुढं."

गाडी वडीगोद्रीत, हायवेपासून आत, कापूस खरेदीच्या बंद शेडमागे लपवली होती. मागच्या सीटवर कनिका खाकऱ्यांचे डबे, गॅसची छोटी शेगडी आणि दोन उशा यांच्यामध्ये बसली होती. शर्यत रविवारी होती, गोव्याला. आधी समुद्रात पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. मागच्या वर्षी ती एकटी गेली होती आणि पहिल्याच टप्प्यात तिला नावेतून किनाऱ्यावर आणलं होतं. म्हणून या वर्षी सगळं घर निघालं होतं. कचरूलालांनी नात्यात सगळीकडे सांगताना त्याला सहल म्हटलं होतं.

आणि सहल म्हटल्यावर वाटेत थांबणं आलं. थोरली मुलगी रुचि सात वर्षांपूर्वी दीक्षा घेऊन साध्वी झाली होती. आता ती महासती विरतिजी होती. चातुर्मास संपल्यापासून तिचा संघ पायी फिरत होता आणि या आठवड्यात वडीगोद्रीत मुक्कामाला होता. एवढ्या जवळून जायचं आणि दर्शन न घेता जायचं, हे घरात कुणाच्या मनातही आलं नाही.

"मी काय सांगतो ते ध्यान देऊन ऐका," कचरूलाल म्हणाले. "पाण्यात उतरायला चालली असं सांगितलं, अन् त्यांनी मांगलिक म्हणून आशीर्वाद दिला, तर त्या जिवांचं पाप त्यांच्या माथी. एका थेंबात किती जीव असतात. आपण परीक्षा म्हणू."

"कसली परीक्षा, पप्पा? मी सत्तावीस वर्षांची आहे."

"बँकेची सांग," अक्षत म्हणाला. "बँकेच्या परीक्षा मरेपर्यंत देता येतात."

*

ओळखीच्या दुकानदाराच्या माडीवर संध्याकाळचं पिवळं ऊन जमिनीवर आलं होतं. चार साध्वी बसल्या होत्या. सगळ्यांच्या तोंडावर पांढरी पट्टी, त्यामुळे चेहरा म्हणजे फक्त डोळे.

"मत्थएण वंदामि," सगळे एकदम म्हणाले.

"दया पालो," विरतिजी म्हणाल्या.

बसंतीबाईंना दरवेळी वाटायचं की हा आवाज जरा जास्त वेळ ऐकू यावा. त्या पदर सारखा करत बसल्या.

कोपऱ्यात मोठ्या महासतीजी भिंतीला टेकून डोळे मिटून होत्या. एक तरुण साध्वी त्यांच्यापुढे येऊन हळू आवाजात म्हणाली, "सकाळी चालताना मोर ओरडला. वर बघितलं गेलं."

"एक उपवास," डोळे न उघडता मोठ्या महासतीजी म्हणाल्या.

त्यांच्या चालण्याचे नियम कनिकाला लहानपणापासून माहीत होते. नजर पुढच्या साडेतीन हात जमिनीवर. लोकरीचा तो झुपका, ओघा, जीव वाचवण्यापुरता वापरायचा. उगाच हलवला तरी दोष लागतो. दिवसभराचा दोष संध्याकाळी प्रतिक्रमणात आठवायचा, सांगायचा, प्रायश्चित्त मागून घ्यायचं.

"महासतीजी," कचरूलालांनी घसा साफ केला. "कनिकाची परीक्षा आहे रविवारी. मांगलिक फरमावा."

विरतिजींनी कनिकाकडे पाहिलं. क्लोरीननं राठ झालेले केस पाहिले. डोळ्यांभोवती पोहायच्या चष्म्यानं ठेवलेली दोन फिकट वर्तुळं पाहिली, उन्हानं काळवंडलेल्या मनगटावरची घड्याळाच्या पट्ट्याची गोरी खूण पाहिली. मग डोळे मिटून त्यांनी मांगलिक म्हटलं. त्यांचा आवाज माडीवरून खाली उतरून दुकानातल्या कापडाच्या ठाणांमध्ये कुठेतरी विरला.

"किती पेपर आहेत?" डोळे उघडून त्यांनी विचारलं.

"तीन," कनिका म्हणाली.

"एकाच दिवशी?"

"एकापाठोपाठ एक. मध्ये कपडे बदलण्यापुरता वेळ."

कचरूलालांना खोकला आला. अक्षतनं छताकडे बघितलं.

*

सकाळी धुकं होतं. सूर्य उगवल्यावर साध्वी निघाल्या, आणि गावातल्या चार बायका पुढच्या मुक्कामापर्यंत सोबत चालायला निघाल्या. गाडी मागून सावकाश येणार होती. कनिकानं दार उघडलं आणि बूट काढून सीटखाली सरकवले.

"कोच काय म्हणला?" अक्षत म्हणाला. "शेवटचे दिवस पायांना बिलकुल आराम. अन् तू अनवाणी चालली."

"पाय गप बसत न्हाईत. रात्रभर पळून राह्यलेत."

"काच लागली म्हणजे?" बसंतीबाई म्हणाल्या.

"महासतीजींना लागती का?"

 बसंतीबाईंनी खिडकीची काच खाली केली आणि तशीच राहू दिली.

रस्ता गार होता. उसाच्या ट्रॉल्या धुक्यातून दिव्यांसकट यायच्या आणि मग नुसता आवाज उरायचा. कडेच्या शेतांत कापूस फुटलेला होता की धुकंच खाली बसलं होतं, सांगता येत नव्हतं. विरतिजी खाली बघून चालत होत्या. त्यांच्या टाचांना भेगा होत्या आणि त्यात कालचा रस्ता भरलेला होता. कनिका त्यांच्या मागे एक हात अंतरावर आली. रोज पळणाऱ्या माणसाला हळू चालणं जड जातं असं तिला वाटलं होतं. पण ही चाल हळू नव्हती. थोड्या वेळानं तिला श्वास जुळवून घ्यावा लागला. बाकीच्या मागे राहिल्या.

"दुसरा आणि तिसरा पेपर?" विरतिजींनी विचारलं. नजर जमिनीवरच होती.

कनिकाचं एक पाऊल चुकलं.

"ते येतात."

"पहिला?"

"मागच्या वर्षी पहिल्यातच नापास झाले."

"अभ्यास कमी पडला?"

"न्हाई. अभ्यास बराबर होता." एक ट्रक गेला. दोघींची वस्त्रं एकदम फडफडली आणि शांत झाली. "इथं सराव करताना खाली एक काळी रेघ असते. तिच्यावरून जायचं. तिथं मध्यावर गेले अन् खाली बघितलं. रेघ नव्हती. काहीच नव्हतं."

"मग?"

"हात वर केला. माणसं आली, घेऊन गेली."

"हात वर करायची मुभा असते परीक्षेत."

"असते. पण पेपर काढून घेतात."

बऱ्याच वेळानं कनिका म्हणाली, "घरात सांगितलं न्हाई. यंदाही तसंच झालं तर मी पुन्हा कधी बसणार न्हाई. सगळं सोडणार."

विरतिजींनी ओघा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"पहिल्या पेपराविषयी मला बोलता येत न्हाई," त्या म्हणाल्या.

"माहिती आहे."

"ऐकलं तेच जास्त झालं."

*

अंतरवालीच्या वाटेला सर्जेरावांची विहीर. शेजारी कचरूलालांची मोसंबीची बाग. उन्हाळ्याची सुट्टी. डबा सोडवल्यापासून कनिका मोटारीच्या पाइपाला धरून असते आणि पाइप सोडत नाही.

"खाली काय आहे?"

"काही न्हाई."

"मंग मी न्हाई येत."

रुचि हसते. श्वास भरते, आणि तिची वेणी पाण्यावर क्षणभर राहून आत जाते. विहिरीत आता कुणीच नाही. वर आभाळाचा एक गोल, त्यात एक घार. मग खालून, काळ्या पाण्यातून, कनिकाच्या तळपायाला कुणीतरी बोट लावतं. एकदा. पुन्हा एकदा.

पाइप सुटतो.

"खाली मी असते ना," नाकातलं पाणी झटकत रुचि म्हणते.

पुढे रुचि राज्यपातळीवर पोहली. घरातली तिची पदकं दीक्षेच्या वेळी मोडीत गेली. एक बसंतीबाईंच्या देव्हाऱ्यात आहे, उलटं ठेवलेलं.

*

शहागडच्या पुढे गोदावरीचा पूल. धुकं नदीतूनच वर येत होतं, म्हणून पूल कशावर उभा आहे ते दिसत नव्हतं. साध्वींना पुलापलीकडच्या गावात, शाळेच्या वर्गखोलीत मुक्काम करायचा होता. गाडी पूल ओलांडून पुढे जाऊन थांबली होती. चादरीतून बाहेर आलेलं हँडल पलीकडे धूसर दिसत होतं.

कनिका कठड्यापासून दूर, साध्वींच्या मागे चालत होती. आता तीही खालीच बघत होती. साडेतीन हात डांबर. त्याच्या पुढे आणखी साडेतीन हात. ते बरं वाटत होतं. मग डांबर संपलं आणि पुलाच्या दोन भागांमधला लोखंडी सांधा आला. सांध्यात बोटभर फट होती. फटीत, खूप खाली, पाणी हललं.

पाय तिथेच राहिले.

तिनं एक पाय उचलायला पाहिलं. तो तिचा असल्यासारखं वाटेना. पाठीमागून येणाऱ्या बायका तिला वळसा घालून पुढे गेल्या. त्यातली एक म्हणाली, "चल बाई, अजून बराच पूल हाये." गाडीतून अक्षतनं हॉर्न एकदा वाजवला. कनिकाला वाटलं, आता हात वर करावा. कोण येईल ते येईल.

पुढे गेलेल्या विरतिजी थांबल्या. वळल्या. जमीन बघत, आली ती पावलं मोजून घेतल्यासारख्या परत आल्या आणि तिच्यासमोर वाकल्या.

"पाय उचल," त्या म्हणाल्या.

त्या आवाजात काही वेगळं नव्हतं. वाटेत मुंगी दिसली की त्या कुणालाही असंच सांगत. कनिकाचा उजवा पाय आपोआप वर आला, सवयीनं, घरातल्या कुणाचाही येतो तसा. खाली बघायचं तिला सुचलं नाही.

लोकर तळपायाला लागली. एकदा.

पुन्हा एकदा.

कनिकानं पाहिलं तेव्हा विरतिजी उभ्या राहिल्या होत्या. पट्टीच्या वर फक्त डोळे, आणि तेही खाली. त्या वळून चालू लागल्या. फटीच्या पलीकडे पडलेला स्वतःचा पाय कनिकाला नंतर दिसला.

पुलाच्या टोकाला कचरूलाल हात जोडून उभे होते. "महासतीजी, काही सेवा?"

"दया पालो," विरतिजी म्हणाल्या, आणि थांबल्या नाहीत.

बसंतीबाईंनी कनिकाचे तळवे मांडीवर घेऊन कापूस फिरवल्यासारख्या हलक्या हातानं पुसले. काच लागलेली नव्हती.

"काय बोलून राह्यल्या होत्या एवढं?" कचरूलालांनी गाडी सुरू झाल्यावर विचारलं.

"परीक्षेचं."

"बघ," कचरूलाल अक्षतला म्हणाले, "मी म्हणलो होतो का न्हाई, शंकासुद्धा येणार न्हाई त्यांना."

अक्षतनं आरशात कनिकाकडे पाहिलं. ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती.

*

रविवारी समुद्र सपाट होता. किनाऱ्यावर कचरूलाल पॅन्टचे पाय दुमडून उभे होते आणि बसंतीबाई डोळे मिटून माळ ओढत होत्या. टोप्यांचा एक रंगीत पट्टा पाण्यात शिरला, पसरला, बारीक झाला. वळायच्या खुणेचा फुगा तिथेच होता, नारिंगी, झाडावर राहून गेलेल्या मोसंबीसारखा, आणि जवळ जावं तसा लहान होत होता.

मध्यावर कनिकानं डोळे उघडले. हिरवं. हिरव्याखाली गडद. त्याच्याखाली काही नाही.  हात पाण्याबाहेर निघाला, सरळ वर.

तेव्हा तळपायाला काहीतरी लागलं. मागून येणाऱ्या कुणाची तरी बोटं असतील. तिथं गर्दी असते.

मग पुन्हा लागलं.

वर गेलेला हात क्षणभर तसाच राहिला, आणि पुढे पडला. त्याच्या पाठोपाठ दुसरा.

गुरुवारी संध्याकाळी, पुलापलीकडच्या शाळेत, प्रतिक्रमण झाल्यावर महासती विरतिजींनी ओघा कारणाशिवाय वापरल्याबद्दल एका उपवासाचं प्रायश्चित्त मागून घेतलं होतं.