लिंबाची जागा

खाली बघा. आणखी खाली. बोनेटकडे नको, आरशाकडे नको, पुढच्या डाव्या चाकाकडे बघा आणि त्याच्या अगदी पुढ्यात बघा. तिथून मी बोलतोय. मी बाभळीचा ठोकळा. गाडी उतारावर उभी केली की चाकाखाली सारतात, तो. लांबी वीतभर, एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला निमुळता. पूर्वी रंग तांबूस होता, आता ऑइल आणि चिखल पिऊन काळा पडलाय. नवी गाडी बघायला आलेल्या माणसाच्या पायात मी आलो, तर तो मला बुटाने बाजूला सारायला बघतो. याचा राग मी केव्हाच सोडला असं मी सांगत असतो. सोडलेला नाही.

माझा जन्म अनसिंगचा. गंगू सुतार बैलगाडीचं चाक करत होता आणि मी त्यातून उरलेला तुकडा. संध्याकाळी चुलीत गेलो असतो. पण तेवढ्यात फय्याजभाई आला. त्याची काळी-पिवळी गाडी वाशीम ते अनसिंग प्रवासी वाहायची आणि त्याच आठवड्यात तिच्या हॅन्डब्रेकची तार तुटली होती. गंगूने मला चार ठिकाणी तासलं, फय्याजभाईच्या हातात दिलं आणि म्हणाला, "बाभूळ आहे. दबते, पण दगा नाही देत."

फय्याजभाईने ती तार बदलली नाही. उद्या बदलतो, परवा बदलतो, असं करता करता चौदा वर्षं गेली. चढावर गाडी थांबली की तो दाराशी बसलेल्या माणसाला म्हणायचा, "भाऊ, ठोकळा टाक जरा." लोक मला फय्याजभाईचा हॅन्डब्रेक म्हणायचे. हसत म्हणायचे, पण टाकताना नीट टाकायचे, कारण आत त्यांचीच माणसं बसलेली असायची.

या चौदा वर्षांत फय्याजभाईची एक सवय मी पाहिली. मला काढायच्या आधी तो मला पायाच्या अंगठ्याने नुसतं हलवून बघायचा. मी सैल असलो तर उचलायचा. मी हललो नाही, तर मला हात लावायचा नाही. आधी आत बसायचा, गाडी माझ्यापासून इंचभर दूर घ्यायचा, गिअरमध्ये ठेवायचा, मग उतरून मला काढायचा. असं का, ते त्याने कधी कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंही नव्हतं.

यंदा जानेवारीत वाशीमच्या मैदानावर नव्या गाड्यांचा मेळा भरला. तीन दिवसांचा. मोठा मांडव, लाल गालिचे, कर्णे. गाड्या रॅम्पवर चढवायला हात बसलेला ड्रायव्हर हवा होता, म्हणून फय्याजभाईला बोलावणं आलं. काळी-पिवळीचा धंदा तसा आता नावालाच उरला होता. तो गेला आणि सीटखालून मलाही घेऊन गेला.

खरं सांगतो, त्या गाड्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मी दबकलो. मी गाडीला खालून ओळखतो. काळी-पिवळीचं पोट म्हणजे गंज, तारा आणि कुठून तरी ठिबकणारं ऑइल. इथे सगळ्यांची पोटं कोरी करकरीत. टायरांवरचे रबराचे केससुद्धा अजून झडले नव्हते. एक काळी गाडी होती, तिची पुढची जाळी एवढी मोठी की माणसांवर डाफरतेय असं वाटावं. एक बॅटरीवर चालणारी होती. ती आवाज न करता शेजारी येऊन उभी राहिली, तेव्हा मला ती मुळीच आवडली नाही. जी येतेय ते कळत नाही, तिला अडवायचं कसं?

आणि माणसं. मेडशीहून, मानोऱ्याहून, कुठून कुठून आलेली. कंपनीची पोरं त्यांना ॲव्हरेज सांगत होती आणि ही आपल्या रीतीने गाडी तपासत होती. कोणी बोटाने पत्रा वाजवून बघायचा. कोणी दार चार वेळा आपटायचा आणि कान देऊन ऐकायचा. एकाने डिक्कीत अर्धं अंग घालून विचारलं, "सोयाबीनचे कट्टे किती बसतीन?" एक बाई पदर सावरून दहा वेळा आत बसली आणि दहा वेळा उतरली. मागाहून नवऱ्याला म्हणाली, "उतरता येते. घ्याले हरकत नाही."

पण ड्रायव्हरच्या सीटवर बसलेला प्रत्येक माणूस एक गोष्ट करायचाच. गिअर पाडून बघायचा आणि हॅन्डब्रेक वरखाली करून बघायचा. फय्याजभाईच्या हे पहिल्याच तासात लक्षात आलं.

मेळ्यातली सगळ्यात देखणी गाडी लाल होती. ती मधोमध रॅम्पवर चढवायची होती, तोंड खाली करून, म्हणजे समोरच्याला वाटावं की आता धावत अंगावर येते. फय्याजभाईने तिला चढवली, पहिल्या गिअरमध्ये टाकली, हॅन्डब्रेक ओढला, उतरला आणि पुढच्या डाव्या चाकाखाली मला नीट सारलं.

मॅनेजर ऋषिकेश धावत आला. कोट, टाय, कानात यंत्र. पोरगा वाईट नव्हता, पण त्याची नजर सतत फोटोच्या चौकटीतून बघायची.

"फय्याजभाई, हे लाकूड फोटोत येऊन राह्यलं."

"येऊ द्या साहेब."

"अहो, बारा लाखाची गाडी आहे. तिले लाकडाचा टेकू? हॅन्डब्रेक आहे न तिले."

"आहे. पण दिवसभरात दोनशे हात लागतीन त्याले," फय्याजभाई म्हणाला. "ठोकळ्याले कोनी हात लावत नाही."

शेवटी तडजोड झाली. मला लाल साटिनच्या कापडात गुंडाळलं. बाशिंग तेवढं बांधायचं राहिलं होतं. वरून बघणाऱ्याला वाटावं की गालिचाचीच एक घडी आहे. फय्याजभाईने आणखी एक ठोकळा मागितला, तर ऋषिकेश उद्या बघू म्हणाला. ते उद्या मी चौदा वर्षं ओळखून होतो.

दोन दिवस निभावले. फय्याजभाई तासातासाने आत डोकावायचा, हॅन्डब्रेक खाली दिसला की पुन्हा ओढायचा आणि जाता जाता मला अंगठ्याने हलवून जायचा. मी सैलच असायचो.

तिसऱ्या दिवशी गर्दीला पार राहिला नाही. दुपारी साडेतीनच्या सुमारास पांढऱ्या बुटांचा एक माणूस गाडीत बसला. त्याने क्लच दाबला, गिअर पुढे-मागे केला. "लोण्यासारखा पडते बे," असं कोणाला तरी म्हणाला. मग हॅन्डब्रेक खाली केला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो तसाच उतरून गेला.

गाडी केसभर पुढे सरली आणि माझ्यावर वजन आलं.

काळी-पिवळीचं वजन मला पाठ होतं. हे निराळं होतं. मी दबलो, कुरकुरलो, निमुळतं टोक फळीत रुतलं आणि मी तिथेच गच्च बसलो. गिअर सुटलेला, ब्रेक सुटलेला. एवढी मोठी लाल गाडी आता फक्त माझ्यावर उभी होती आणि पूर्ण मैदानात ही गोष्ट एकट्या मला माहीत होती. समोर पाच पावलांवर लोक सेल्फी काढत होते. एक बाप लेकराला बोनेटला पाठ लावून उभं करत होता. मी ओरडलो असतो, पण लाकडाला कुरकुरण्यापलीकडे काही येत नाही आणि कर्ण्यांत माझी कुरकुर कोण ऐकणार?

फय्याजभाई मांडवाच्या पलीकडे टेस्ट ड्राइव्हवर लोकांना फिरवत होता. एक उतरला की दुसरा बसायचा. मी वाट पाहत राहिलो. कधी येतो आणि अंगठा लावतो, एवढंच मनात होतं. पावणेपाचला त्याचा आवाज ऐकू आला. तो ऋषिकेशला सांगत होता, "साहेब, असरची नमाज पढून येतो. मी येईपर्यंत लाल गाडीच्या ठोकळ्याले कोनी हात नका लावू." एवढं बोलून तो लांबूनच निघून गेला. त्या वेळी मी त्याच्यावर चिडलो. आज चिडत नाही.

पाच वाजता इंद्रभानने लाल गाडी बुक केली. इंद्रभान मेडशीचा बागायतदार. सोबत बायको सोजरबाई आणि लेक लखन. ऋषिकेश पेढे घेऊन आला, गळ्यात हार घातले आणि म्हणाला की आठ दिवसांत शोरूममधून अशीच कोरी गाडी मिळेल.

"अशीच नाही, हेच," सोजरबाई म्हणाली. "मी हेच पाह्यली. आन मुहूर्त पाच वीसपर्यंतच हाय. पूजा आत्ता अन् इथंच."

ऋषिकेशने घड्याळ बघितलं, फोटोग्राफर बघितला आणि मान डोलावली. मेळ्यातली पहिली पूजा, उद्याच्या पेपरात फोटो. त्याच्या जागी कोणीही असता तरी हो म्हणाला असता.

सोजरबाईने पिशवीतून ताट काढलं. हळद, कुंकू, निरांजन, नारळ आणि चार लिंबं. बोनेटवर स्वस्तिक काढलं. मग ती रॅम्पच्या पायथ्याशी, गाडीच्या बरोब्बर समोर उभी राहिली. हातात पेटलेल्या निरांजनाचं ताट. माझ्यापासून तीन हात.

लखन लिंबं ठेवायला लागला. नवी गाडी चारही चाकांखालचं लिंबू चिरडून पुढे जाते, तेव्हा तिची दृष्ट जाते. मागच्या दोन चाकांपुढे ठेवली, उजव्या चाकापुढे ठेवलं. चौथं घेऊन माझ्याकडे आला. लिंबू चाकाच्या अगदी पुढ्यात ठेवायचं असतं आणि तिथे तर मी होतो.

त्याने साटिन ओढलं. "आई, इथं लाकूड हाय काहीतरी."

"मंग काढ न. देवाच्या कामात ते काळं लाकूड काहून पाह्यजे?"

"फय्याजभाई म्हणून गेले होते की..." ऋषिकेश बोलायला लागला. पण फोटोग्राफरने त्याला बाजूला सरकायला सांगितलं आणि त्याचं वाक्य राहून गेलं.

लखनने मला ओढलं. मी हललो नाही. त्याने दोन्ही हातांनी धरून ओढलं, पाय लावून ओढलं. मी जन्मात एवढा हट्ट केला नव्हता.

"पाच मिन्टं राह्यली," इंद्रभान म्हणाला. "नारळानं हाण एक."

लखनने नारळाने हाणलं. नारळ फुटला, मी नाही. पाणी माझ्या अंगावरून वाहिलं आणि बघे हसले. लखनचे कान लाल झाले. तो तरातरा गेला आणि मांडववाल्याची लोखंडी पहार घेऊन आला.

मी सोजरबाईच्या पायांकडे बघत होतो. टाचांना भेगा, जोडव्यांत अडकलेलं गवताचं पान, नव्या साडीचा अजून न मोडलेला काठ. ती निरांजनावर हात धरून ज्योत वाऱ्यापासून राखत होती. आता मी निसटलो तर पहिल्यांदा हेच पाय, एवढंच मला सुचत होतं.

पहिला घाव माझ्या जाड अंगावर बसला. मी फळीला धरून राहिलो. दुसरा बसला आणि माझ्या आत उभी चीर गेली. तिसऱ्याला मी दुभंगलो. एक अर्धा उडून गालिच्यावर पडला. गाडीने धक्का खाल्ला आणि ती वीतभर खाली आली. चाक माझ्या उरलेल्या अर्ध्यावर चढलं आणि तिथे थबकलं. सोजरबाईच्या हातातलं ताट पडलं. ती मागे सरली नाही. तिला सरताच आलं नाही.

"सरका समोरून!" फय्याजभाईचा आवाज होता. तो धावतच आला, सोजरबाईला खांद्याने बाजूला ढकललं, दार उघडलं आणि हॅन्डब्रेक ओढला. करकर असा तो आवाज या मेळ्याआधी मी आयुष्यात ऐकला नव्हता. आमच्या गाडीत तो नव्हताच ना.

कर्णे कोणीतरी बंद केले. लखनच्या हातातून पहार सुटली. फय्याजभाई गाडीतून उतरला, माझ्यापाशी उकिडवा बसला आणि चिरेवरून बोट फिरवलं. तो कोणावर रागावला नाही. हळू आवाजात लखनला म्हणाला, "बेटा, ठोकळा सहज निघाला त समजाचं, गाडी ब्रेकवर उभी हाय. नाही निघाला, त गाडी त्याच्यावर उभी हाय. नाही निघाला तवाच त्याले काढाचं नसते."

ऋषिकेश मान खाली घालून म्हणाला, "मी सांगाले पाह्यजे होतं. तुमी सांगून गेले होते."

पाच वीस होऊन गेले होते. इंद्रभान मुहूर्ताचं काही बोलायला गेला, तर सोजरबाई म्हणाली, "जाऊ द्या मुहूर्त." ती गालिच्यावर बसली, सांडलेलं कुंकू चिमटीत घेतलं आणि आधी माझ्या पडलेल्या अर्ध्याला लावलं. मग वाकून चाकाखालच्या अर्ध्याला लावलं. पदराने डोळे पुसले आणि फय्याजभाईला विचारलं, "भाऊ, हे मले देता?"

"अर्धा न्या बाई," फय्याजभाई म्हणाला. "अर्धा माझ्या गाडीले लागते."

तेव्हापासून मी दोन ठिकाणी राहतो. एक मी अजून काळी-पिवळीच्या सीटखाली. फय्याजभाईने मध्यंतरी ब्रेकची नवी तार आणलीय. ती दोन आठवडे डॅशबोर्डवर पडून आहे. दुसरा मी मेडशीला, लाल गाडीच्या डिक्कीत. इंद्रभानच्या अंगणाला थोडा उतार आहे. गाडी दारात आली की सोजरबाई पदर खोचून येते आणि स्वतःच्या हाताने मला चाकाखाली सारते. लखन म्हणतो, "आई, हॅन्डब्रेक लावला न मी." ती म्हणते, "लाव. मी हेबी लावते." आणि सकाळी काढायच्या आधी पायाच्या अंगठ्याने मला हलवून बघते.

तुम्हीही कधी नव्या गाड्या बघायला जाल. खुशाल जा. दारं आपटा, पत्रा वाजवा, गिअर पाडून बघा. उतरताना ब्रेक आठवणीने ओढा. आणि चाकाखाली माझ्यासारखा कोणी काळाकुट्ट दिसला, तुमच्या लिंबाच्या जागी बसलेला, तर त्याला आधी हलवून बघा. सैल असला तर उचला, त्याला काही वाटणार नाही. पण तो जागचा हलत नसेल तर पहार आणू नका. तो कोणाला तरी धरून बसलेला असेल.