जमिनीपासून दोन मीटर

आमच्या दादाने गुडघ्यांची तक्रार कधी केली नाही, शेवटी गुडघ्यांनीच त्याची केली. तीस वर्षं टॉवर क्रेन चालवलेला माणूस, त्याला केबिनची शिडी चढवेना. त्याची खुर्ची त्याच्या मुलीने घेतली. खाली उभं राहून वॉकी-टॉकीवर तिला इशारे द्यायचं काम तेवढं दादासाठी उरलं. नाहीतर त्याने घरी बसायचं, आणि घरी बसलेला दादा आम्हा कोणालाच झेपणारा नव्हता.

वॉकी-टॉकीचे नवे डिजिटल सेट आणले, पण परवाना होता जुन्या ॲनालॉग सेटचा.

"फ्रिक्वेन्सी तीच आहे ना? मग परवाना कशाला वेगळा?" दादा म्हणाला.

मी कपाळाला हात लावला. सिग्नलचा प्रकार बदलला की परवानाही बदलून घ्यावा लागतो, हे मी त्याला चारदा सांगितलं. तरी अर्ज भरला त्यानेच. ऑफिसचं काम माझं, हट्ट त्याचा.

पंधरा दिवसांनी वायरलेस खात्याच्या तपासनीस बाई साइटवर आल्या. अर्जात अँटेनाची उंची होती दोन मीटर. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग मान पार मागे टाकली. अँटेना क्रेनच्या केबिनवर होती, ऐंशी मीटरवर.

"हे दोन मीटर?"

"बसल्या जागेपासून दोनच भरतात की," दादा म्हणाला.

हसावं की रडावं, मला कळेना. इतकी वर्षं हा माणूस जगाचं माप आपल्या खुर्चीपासून घेत आला होता.

"एवढ्या उंचीवरून तुमचं बोलणं शेजारच्या गावातल्या टॅक्सीवाल्यांच्या कानात जाईल," बाई म्हणाल्या. "अँटेना खाली घ्या, अर्ज दुरुस्त करा. तोवर सेट बंद."

दादाचा चेहरा उतरला. बाई गेल्यावर तो टेप घेऊन आला. अँटेना आता साइट ऑफिसच्या छपरावर बसणार होती; तिथे मी शिडीवर चढले आणि त्याने कण्हत वाकून टेपचं टोक मातीवर दाबून धरलं. चार मीटर भरले.

"लिही, चार," तो म्हणाला. "जमिनीपासून."

त्या क्षणी मला त्याचा फार अभिमान वाटला. तोंडावर मात्र बोलले नाही, नाहीतर चढून बसला असता.

परवाना आला. पहिल्याच सकाळी लोखंडी तुळई भिंतीपलीकडे उतरवायची होती. पोरीला वरून काही दिसत नव्हतं.

"बाबा, किती राहिलं?"

दादाने बटण दाबलं.

"जमिनीपासून दोन मीटर. सावकाश ये, मी आहे खाली."