गुळाने तोलायचा मोठा काटा

गांगजीभाई पिठवांचं डोकं त्या दिवसांत सकाळपासूनच तापलेलं असायचं. भट्टी थंडगार आणि डोकं लालबुंद, असा उलटा कारभार चालला होता.

गुजरातेतल्या सावरकुंडल्यात एकेकाळी गल्लोगल्ली तराजू ठोकणारे लोहार होते. आता दुकानदाराला बटणाचा काटा पाहिजे. वर आकडा दिसला की खल्लास. गांगजीभाईंकडे दोन महिन्यांत एक गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. मुलगा विपुल त्यांच्याच हाताखाली काम करायचा. त्यानं सांगून टाकलं, "बापूजी, दिवाळीपर्यंत वाट बघतो. नाहीतर मी आणि जिज्ञा निघालो सुरतेला. हिऱ्यांच्या कारखान्यात जागा आहे."

म्हणजे भट्टीच बंद. काट्याची दांडी एकानं धरायची आणि दुसऱ्यानं ठोकायची असते. साठीच्या म्हाताऱ्यानं एकट्यानं काय करायचं, नाचायचं?

सून जिज्ञा बारावी शिकलेली. तिनं फोनवर खटपट करून घरच्या भट्टीची वेबसाइट काढली.

"बापूजी, लोक जे शब्द लिहून शोधतात ना, तेच आपल्या पानावर पाहिजेत. तरच ते आपल्याकडे येतील."

"मग लिही की! 'पिठवांचा काटा, तीन पिढ्यांचा विश्वास.'"

"असं कोण शोधतं?"

"सगळे शोधतात. हा बघ, मी शोधला. पहिलाच मी!"

"पहिले तुम्हीच येणार! आपलंच नाव लिहिता आणि रोज आपल्याच पानावर जाता. महिन्यात अकरा माणसं आली, त्यातली नऊ तुम्ही आहात."

"आणि उरलेली दोन?"

"एक मी. एक माझी बहीण."

गांगजीभाईंनी बशीतला चहा असा ओढला की शेजारच्या म्हशीनं मान वळवली.

जिज्ञानं मग सासऱ्याला न विचारता एक काम केलं. अंगणात तिपाईवर टांगलेला मोठा काटा होता, एकेका पारड्यात पोर मांडी घालून बसेल एवढा. त्याचा फोटो लावला आणि खाली लिहिलं, 'मानता फेडायला मुलाला गुळाने तोलायचा मोठा काटा'. मानता म्हणजे नवस. काठियावाडात पोर आजारातून उठलं की देवीपुढं त्याच्या भाराएवढा गूळ तोलतात आणि वाटतात. बटणाच्या काट्यावर हे होत नाही. एका पारड्यात पोर, दुसऱ्यात गूळ, आणि दांडी सरळ झालेली सगळ्यांना दिसली पाहिजे.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. गारियाधारची एक बाई होती. "भाई, तुमचा तो काटा मिळेल का? माझ्या नातीची मानता आहे."

"घेऊन जा, बहेन. काम झालं की आणून दे."

"भाडं किती?"

"भाडं?" गांगजीभाई ओरडलेच. "मानतेच्या काट्याचं भाडं घेऊ? माझा बाप वरून खाली येऊन मला ठोकेल!"

घराची रीतच तशी होती. काटा न्यायचा, परत आणायचा, येताना मूठभर गूळ प्रसाद म्हणून द्यायचा. आजवर आसपासची पाच-सहा घरं वर्षाला यायची. आता बोटादहून फोन, महुव्याहून फोन, उन्याहून फोन. काटा टेम्पोत बसून सगळा मुलूख फिरायला लागला. अंगणात नुसती तिपाई उरली. घरात गूळ एवढा साठला की जिज्ञा रोज गूळ-कणकेच्या वड्यांची सुखडी करायची आणि विपुल रोज तोंड वाकडं करून खायचा.

मग एके दुपारी समोरच्या घरची कंचनबेन आली. तिच्या नातवाची मानता दुसऱ्या दिवशी होती. काटा होता उन्याला. कंचनबेन नुसती तिपाईकडे बघत उभी राहिली. त्या बिचारीनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती गेल्यावर गांगजीभाईंचा स्फोट झाला. "काढ ते वाक्य! आत्ताच्या आत्ता काढ! शेजारणीला काटा मिळत नाही, आणि मी सगळ्या दुनियेचा हमाल!"

"काढते ना," जिज्ञाही तापली. "तुमचं तीन पिढ्यांचं लिहिते परत. नऊ वेळा वाचत बसा. आम्ही सुरतेहून फोन करू."

विपुल खाली बघत नखं कुरतडत होता. तेवढ्यात परत फोन. गढड्याकडच्या एका गावचा सरपंच. "गांगजीभाई, आमच्याकडे या नवरात्रीत सात पोरांच्या मानता आहेत. काटा पाठवा."

"सात? आणि सातांना माझाच काटा?" गांगजीभाईंचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "अरे, माताजीचं देऊळ बांधलंत, वर मोठा भोंगा लावलात, गावाला स्वतःचा काटा नको का? दर वेळी दुसऱ्याच्या दारात?"

सरपंच म्हणाला, "मग करून द्या ना. गावच विकत घेईल. आम्हाला वाटलं, तुम्ही हा विकतच नाही."

विपुलनं नखं कुरतडायचं थांबवलं.

"मानतेचा काटा आणि विकायचा..." म्हातारा पुटपुटला. मग एकदम खेकसला, "देतो! पण एक अट. गावानं कुणाकडून भाडं घ्यायचं नाही. परक्या गावचा आला तरी नाही. कबूल?"

"कबूल, बापा! ओरडता कशाला?"

फोन ठेवून गांगजीभाई सुनेवर उलटले. "बसलीस काय? लिही. 'गावाच्या देवळासाठी मानतेचा काटा करून मिळेल.' आणि मोठ्या अक्षरात, 'भाड्यानं देणाऱ्यांनी फोन करू नये.'"

"बापूजी, एवढं रागावून लिहिलं तर गिऱ्हाईक पळेल."

"पळू दे! ज्याला देवाचं काम करायचंय तो शिवी खाऊनही येईल."

जिज्ञानं ते अक्षर न अक्षर तसंच टाकलं. आठवड्यात चार गावं बोलली. त्यातल्या एकानं भाड्याचं विचारलं आणि त्याला गांगजीभाईंनी असं काही सुनावलं की विपुलनं दार लावून घेतलं. उरली तीन. विपुलनं सुरतेचं नाव परत काढलं नाही.

पण पहिला काटा त्यांनी कुठल्याच गावाला दिला नाही. सरपंचाचा फोन आला त्याच संध्याकाळी त्यांनी कंचनबेनच्या नातवाची मानता चार दिवस पुढं ढकलायला लावली होती आणि दोघा बापलेकांनी घाम गाळून गल्लीसाठी एक वेगळा काटा उभा केला. कंचनबेननं गूळ आणला तेव्हा गांगजीभाई हात जोडून म्हणाले, "बाई, पोराला माझा आशीर्वाद. गूळ मात्र सुनेकडे देऊ नकोस, परत सुखडी करेल."