खड्डा भरण्याचा अंदाज

दुसऱ्याच्या खड्ड्याची इतकी काळजी भगवानरावांना आयुष्यात पहिल्यांदाच लागली होती. वडनेर भोलजीच्या पलीकडच्या त्या गावात रहेमतुल्लाच्या शेतातून हायवेसाठी मुरूम काढून झाला, यंत्रं निघून गेली आणि मागे हा खड्डा उरला. तो भरून जमीन पुन्हा पेरणीजोगी करायला किती खर्च येईल, याचा अंदाज काढायला खामगावहून अभियंता मलिहा आली होती. पैसा ठेकेदाराच्या अनामत रकमेतून जायचा होता. भराव टाकायचं काम गावातल्याच ट्रॅक्टरांना द्यावं, असा ठराव गावच्या समितीनं आधीच केला होता. गावातले सगळे ट्रॅक्टर भगवानरावांचे होते. समितीचे अध्यक्षही तेच. हा निव्वळ योगायोग, असं ते न विचारता सांगत.

खोदताना निघालेली वरची काळी माती बांधावर ढीग करून ठेवायची आणि शेवटी परत पसरायची, असं करारात होतं. ढीग ठेवलाही होता. एका उन्हाळ्यात तो नाहीसा झाला. "पुरात वाहून गेला," असं भगवानरावांनी जाहीर केलं. त्या साली नाल्याला चिमणी भिजेल एवढं पाणी नव्हतं. पण भगवानराव तालेवार माणूस, म्हणून गावानं पूर मान्य केला.

मलिहानं टेप गुंडाळला. "खाली मुरमाड भराव चालेल. वर दोन फूट माती हवी. ती कुठून आणायची, त्यावर सगळा खर्च."

"पूर्णाकाठची आना," भगवानराव म्हणाले. जितकं अंतर लांब, तितकं ट्रॅक्टरचं भाडं मोठं. "लांबून येईन, पन काम पक्कं होईन."

"जवळ कुठे नाही?"

"इकडची माती हलकी हाय, मॅडम. काहीच उगत नाही तिच्यात."

"म्हणजे इथली मूळची मातीही हलकीच होती? मग हलकीच टाकू. खर्च निम्म्यावर येईल."

भाडं निम्म्यावर येताना दिसताच भगवानराव उसळले. "कोन म्हन्ते हलकी होती? सोनं होतं सोनं! चाला, दाखवतो!"

आणि अध्यक्ष तरातरा नाला ओलांडून चढावरच्या आपल्या शेताकडे निघाले. मागून मलिहा, तिच्या मागून रहेमतुल्ला. आजूबाजूची कपाशीची पराटी गुडघ्याएवढी, पिवळी पडलेली; भगवानरावांची मात्र छातीला लागत होती.

"इथं नुसते गोटे होते, मॅडम! ढोर चरत नव्हतं. आता पाहा! बियानं सगळ्या गावाचं तेच, पन ही माती खदानीवरची हाय!"

रहेमतुल्ला खाकरला. "भगवानराव, ते तं पुरात वाहून गेली होती ना?"

"हो ना... मंग पूर इकडं आला असन."

"चढावर?" मलिहानं विचारलं.

तिनं बांधाशी हातभर खणून पाहिलं. वर काळी माती, खाली एकदम गोटे. पोळीवर लोणी लावावं तसे दोन थर. संध्याकाळी समितीपुढे अंदाज वाचला गेला. मातीची किंमत शून्य, कारण ती रहेमतुल्लाचीच. वाहतूक नाल्यापलीकडून. काम गावातल्या ट्रॅक्टरांनी, ठरावाप्रमाणे. समितीला हसू दाबताना फार कष्ट पडले.

"उभ्या पिकाखालून माती काढतेत काय कुठं?" भगवानराव ओरडले.

"नाही काढत," रहेमतुल्ला म्हणाला. "वेचणी होऊ द्या. मंग आना."

हा भलेपणा त्याला महागात पडला. भगवानरावांनी वेचणी संपूच दिली नाही. संक्रांत गेली, लोकांनी पराट्या उपटल्या, कृषी खात्याचा माणूस येऊन 'हंगाम संपल्यावर फरदड म्हणून कपाशी उभी ठेवू नका, गुलाबी बोंडअळी पसरते' असं घसा फोडून सांगून गेला. भगवानराव विहिरीचं पाणी देऊन पराटी जगवत राहिले. बोंड फोडावं तर कापसाऐवजी अळी. तरी रोज सकाळी ते बायकोला, शालूबाईला, कापूस वेचायची ओटी कमरेला बांधून शेतात धाडत.

"काय वेचू? अळ्या?"

"वेच! गावाले वेचणी दिसली पायजे!"

रहेमतुल्ला रोज बांधावर येई, पाही आणि परत जाई. पेरणी जवळ येत होती, आणि त्याच्या शेतात पेरायला जागाच नव्हती.

वेचणी संपली की शेत कुणाच्याही शेळ्यांना मोकळं, ही तिकडची रीत. आणि संपली हे सांगायचं वेचणाऱ्या बाईनं. चैत्रातल्या एका टळटळीत सकाळी शालूबाईनं ओटी सोडून झटकली आणि रस्त्यानं कळप घेऊन चाललेल्या सहदेवला हाक मारली.

"घाल बाप्पा शेळ्या! झाली वेचणी!"

भगवानराव धावत आले तेव्हा पराटीच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या. बांधावर गाव जमलं होतं.

"काऊन घातल्या?" त्यांचा आवाज चिरकला.

"अळ्या वेचू वेचू माही कंबर गेली," शालूबाई म्हणाली. "आता तुमी माती वेचा."

रहेमतुल्ला आधीच खड्ड्याच्या तोंडाशी जाऊन उभा होता, ट्रॅक्टरला मागे यायची खूण करायला.