वाचता आलं की वर

आज माझ्या वर्गाची तपासणी होती. नवरा म्हणाला, "दोन घास खाऊन जा गं, रिकाम्या पोटी तुझी जीभ जास्त चालते." मी त्याच्यावर खेकसले आणि चहा तसाच टाकून निघाले. कोपऱ्यावर पोचल्यावर वाईट वाटलं, पण परत फिरायला वेळ नव्हता.

आमच्या शाळेत जिन्याखाली एक खोली आहे. पूर्वी तिथे मोडकी बाकं टाकायचे, आता सरकारी अनुदानावर माझा वाचनवर्ग चालतो. दुसरीत येऊनही ज्यांना वाचता येत नाही अशी सहा मुलं माझ्याकडे धाडतात. मूल वाचू लागलं की त्याला वर, त्याच्या वर्गात परत पाठवायचं आणि रिकाम्या खुर्चीवर दुसरं घ्यायचं, असा नियम. नियम चांगलाच आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला मीच तो कौतुकाने सांगत असते.

ते अनुदान पुढे चालू ठेवायचं की नाही, ते आज ठरणार होतं. तपासणीसाठी खोलीतच थांबवून ठेवलेल्या सहापैकी चौघांनी कधी न पाहिलेलं पान वाचून दाखवायचं, नाहीतर सत्र संपलं की खोलीला कुलूप आणि मी घरी. माझं मी बघून घेतलं असतं, पण पहिलीतली जी पोरं पुढच्या वर्षी माझ्याकडे यायची, त्यांच्याकडे कोण बघणार होतं?

तपासनीस वेळेआधीच हजर झाले. सर्दीने बेजार झालेला, पण सज्जन दिसणारा माणूस. "बाई, तुम्ही मागे बसा. बोलायचं नाही, मानही हलवायची नाही," म्हणाले आणि त्यांनी टेबलावर पान ठेवलं. त्यावर एकही चित्र नव्हतं.

पहिला आला मोठोबा. वर्गात सगळ्यात उंच म्हणून हे नाव. कालच त्याने माझ्या औषधाच्या बाटलीवरची सूचना घडाघडा वाचून मला दटावलं होतं, "बाई, जेवल्यावर घ्यायचं लिहिलंय!" आणि आज तो "बो... बो..." करत अडला तो अडलाच. त्याच्यानंतरच्या मुलीने तर तोंडात मिठाची गुळणी धरली.  आता उरलेल्या चौघांपैकी एकानेही चुकून चालणार नव्हतं.

तिसरी गुंडी. ही गळ्याजवळचं बटण सतत चघळते, म्हणून गुंडी. माझी सगळ्यात हुशार मुलगी, तिच्यावर माझी सगळी भिस्त. ती पानाकडे बघत रडक्या आवाजात म्हणाली, "बो... को... मला नाही येत."

मला तिथल्या तिथे ओरडावंसं वाटलं. असा राग आला होता की काय सांगू! चार महिने घसा कोरडा केला तो याचसाठी? तेवढ्यात माझं लक्ष तिच्या डोळ्यांकडे गेलं. ते ओळीवरून सरसर पुढे चालले होते. ती खालपर्यंत पोचली आणि फिस्सकन हसली.

"काय झालं गं हसायला?" तपासनिसांनी विचारलं.

"बोकोबाने पायमोजे कानांवर घातले..." एवढं बोलून तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

ते अगदी शेवटच्या ओळीत होतं. तपासनिसांनी नाक पुसलं आणि चष्मा काढला. "मग वाचत का नव्हतीस?"

गुंडीला रडू फुटलं. "वाचता आलं की बाई वर पाठवतात. मागच्या महिन्यात त्या चष्मेवाल्याला पाठवलं, तो रोज जिन्यात बसून रडतो. आम्ही नाही जाणार. आम्ही सगळ्यांनी ठरवलंय."

  तपासनीस हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही सांगा तिला."

मी तिच्यासमोर खाली बसले. खोटं सांगायचा फार मोह झाला, पण म्हटलं, "गुंडे, तू वाचलं नाहीस तर ही खोली बंद होईल आणि मी जाईन. वाचलंस तर तू जाशील."

"म्हणजे कसंही केलं तरी?"

"हो."

"मग कशाला वाचू?"

"पहिलीत तुझी धाकटी बहीण आहे ना, तिला अजून काही वाचता येत नाही."

ती विचारात पडली. "ती माझ्या खुर्चीवर बसणार?"

"हो."

हे तिला मुळीच आवडलं नाही. तरी तिने पान पुढे ओढलं आणि नाक ओढत, हुंदके देत, एकही शब्द न अडखळता शेवटपर्यंत वाचलं. मोठोबा मागून म्हणाला, "मीपण परत वाचू?" तपासनिसांनी वाचू दिलं. मग एकेक करत सगळेच वाचून गेले, रागाने, मला शिक्षा केल्यासारखे. "खोली राहील, बाई," तपासनीस जाताना म्हणाले. मी आभार मानले, पण आनंद कुठे होतो आहे ते काही केल्या सापडेना.

दुपारी सहाही जणांनी वर जायला दप्तरं उचलली. गुंडी सगळ्यात शेवटी राहिली. दारात थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, तिला एवढं पटकन शिकवू नका."